काचेची बाज

कामेकिची ओरिताची जीभ बांबूच्या कांबेसारखी होती. तासून पातळ केलेली, आणि कुठून लागली ते कळायच्या आत रक्त काढणारी. म्हाताऱ्याने सत्तर वर्षं टोपल्या विणल्या. एक्क्याण्णवाव्या वर्षी दात गेले होते, एक कान गेला होता, गुडघे गेले होते. जीभ मात्र जशीच्या तशी. वापरातल्या हत्याराला गंज चढत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा.

युनोहाता गावात गटारातूनसुद्धा वाफ निघते, इतके गरम पाण्याचे झरे. मागचा डोंगर सगळा बांबूचा. तिथल्या ताकेझोनो मालकांच्या कारखान्यात सात विणकर खाली मान घालून विणायचे, आणि टोपली पुरी झाली की मालक स्वतः येऊन तिच्या बुडाला तापवलेली मुद्रा उठवायचे. मुद्रेत नाव मालकांचं. विणणाऱ्याचं नाव कुठेच नाही. कामेकिचीची एक टोपली म्हणे राजधानीत कुठल्याशा संग्रहालयात काचेआड ठेवली आहे, वर मंद दिवा, खाली पितळी पाटी. पाटीवर अर्थातच ताकेझोनो. म्हाताऱ्याला कुणी ती बघायला नेलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

या विणीला कागोमे म्हणतात, म्हणजे टोपलीचे डोळे. तीन दिशांनी कांबी येतात, एकमेकींच्या खालून-वरून जातात, मध्ये सहा बाजूंचा डोळा उरतो आणि त्या डोळ्याला चिकटून भोवती सहा त्रिकोण. म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा तोकुओ, पाच वर्षांचा असल्यापासून या डोळ्यांत बघत वाढला. डोळा वाकडा झाला की बाप हातातल्या कांबेनेच बोटांवर ओढायचा. वाकडं का होतं, हे मात्र बापाने एकदाच सांगितलं. कांब वाईट नसते, ओढ वाईट असते. काठ बांधायच्या आधी एका बाजूने जरा ओढलंस, की सगळी टोपली त्याच बाजूला बघायला लागते. आणि गिऱ्हाइकाला वाटतं, नक्षीच तशी आहे.

हे शेवटचं वाक्य तोकुओंना पुढे फार महागात पडलं. पण ते नंतर.

एकोणिसाव्या वर्षी तोकुओ घरातल्या बांबूला कंटाळून निघाले. जवळच्या शहरात विद्यापीठ होतं, तिथल्या भौतिकी विभागाला काच फुंकणारा कारागीर हवा होता. बापाने विचारलं, की तिथे काय बुडाला तुझी मुद्रा मारणार आहेत का? तोकुओंनी ऐटीत सांगितलं, तिथे निबंध छापतात आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं अगदी वर, मथळ्याखाली छापतात. बाप म्हणाला, बघू.

तेव्हापासून बघणं चालू झालं. निबंध छापून आला, की म्हातारा जेवताना विचारायचा, "वर की खाली?" आणि एकोणचाळीस वर्षं उत्तर एकच होतं. खाली. निबंध संपला, की बारीक अक्षरात आभार असतात, तिथे: स्फटिकांसाठी टी. ओरिता यांचे आभार. म्हातारा मान हलवायचा आणि लोणच्याच्या मुळ्याचा तुकडा हिरड्यांनी कुस्करत म्हणायचा, की टोपलीच्या बुडालाच खाली म्हणतात. तोकुओ ओरितांचं लग्न राहूनच गेलं होतं, नोकरी शहरात असली तरी रात्री ते गावातल्या घरीच परतत, घरात दोघेच. त्यामुळे हा संवाद थांबवणारंही कुणी नव्हतं.

नशिबाची थट्टा बघा. बारा वर्षांपूर्वी विभागात शिरामिझु सेन्सेई, म्हणजे गुरुजी, नवे प्राध्यापक म्हणून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर सहा बाजूंचे डोळे आणि भोवती त्रिकोण काढले, आणि मोठ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की यापुढे ही प्रयोगशाळा या रचनेचा अभ्यास करील. मागे भिंतीला टेकून उभे असलेले ओरिता मोठ्याने हसले. विभागात ते मोठ्याने हसलेले कुणी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. डोंगरावरून पळून शहरात आले, तर टोपली फळ्यावर येऊन बसलेली.

तर ती भानगड अशी होती. सिझियम, व्हॅनेडियम आणि अँटिमनी असे तीन धातू एकत्र वितळवून हळूहळू थंड केले, की त्यातून चकचकीत पापुद्र्यांचा स्फटिक निघतो, आणि त्याच्या पोटात व्हॅनेडियमचे अणू हुबेहूब टोपलीच्या विणीत बसलेले असतात. या त्रिकोणांचा स्वभावच भांडकुदळ. एका त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन जावा बसवा आणि सांगा, प्रत्येकीने शेजारणीच्या उलट दिशेला तोंड करायचं. पहिलीने डावीकडे केलं, दुसरीने उजवीकडे. तिसरीने काय करावं? तिला कुणाशी तरी जमवून घ्यावं लागतं, आणि जमवून घेणारी जन्मभर धुसफुसते. असल्या विणीत अणूंचे चुंबक बसले की हेच होतं. ओरितांच्या स्फटिकात तर अणूंपाशी चुंबकच नव्हते, पण इलेक्ट्रॉनांची धुसफूस होतीच. स्फटिक थंड करत नेला, शून्याखाली एकशे ऐंशीपर्यंत, की ते एकदम पंगत मांडून बसतात: इथे दाट, तिथे विरळ, पुन्हा दाट. आणखी खाली, जगातली सगळी थंडी संपायला अडीच-तीन अंश उरले, की जोड्या जमतात आणि वीज कसलाही अडथळा न येता वाहते. इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण एवढंच, की पंगत मांडल्यावर प्रत्येक डोळ्याभोवती वीज आपसूक गोल फिरते का. फिरत असेल, तर चुंबक नसताना चुंबकत्व, आणि ज्याने ते नक्की दाखवलं त्याचं नाव अजरामर. जगातल्या पन्नास प्रयोगशाळा या एका प्रश्नावरून एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. अर्ध्या म्हणत फिरते, अर्ध्या म्हणत तुम्हाला भास होतोय.

हे स्फटिक वाढवायचे म्हणजे खेळ नव्हता. सिझियम हवेत उघडला की पेट घेतो. ओरितांच्या आधीचे कारागीर मुता यांनी एकदा पावसाळ्यात घाईघाईने कुपी उघडली आणि दोन्ही भुवया गमावल्या. पुढे ते पेन्सिलीने भुवया काढत, आणि एक नेहमी जरा वर जाई, त्यामुळे मुता मरेपर्यंत चकित दिसत राहिले. अंत्यविधीच्या फोटोतसुद्धा आपल्याच मरणाने चकित झाल्यासारखे. ओरितांच्या हातून तसं काही झालं नाही. आर्गॉन वायूच्या पेटीत हात घालून माल भरायचा, क्वार्ट्ज काचेच्या नळीत ठेवून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, भट्टीत घालायचं आणि पंधरा दिवस भट्टी इतकी सावकाश उतरवायची, की तासाला काही अंशच. त्यांचे स्फटिक करंगळीच्या नखाएवढे यायचे, आरशासारखे. देशोदेशींहून मागणी असायची. तुम्ही स्फटिक पाठवलेत, की तिथल्या निबंधात तुमचं नाव वर, हा या धंद्यातला रिवाज. स्फटिक ओरिता वाढवत आणि रिवाजाने नाव जाई शिरामिझु सेन्सेईंचं. असे सव्वीस निबंध झाले होते. सेन्सेई ओरितांपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण हाक ‘ओरिता-कुन’ अशी, पोरांना मारतात तशी.

अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदाचा योग जुळून आला. हिनात्सु नावाच्या सहायक प्राध्यापिका होत्या, बत्तीस वर्षांच्या, नोकरी तीन-तीन वर्षांच्या कराराची. त्या एका वसंतात मोजमाप करत असताना त्यांना संकेत सापडला. चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवली, की स्फटिकातला विजेचा अडथळा बदलत होता, आणि तोही पंगत मांडल्यानंतरच. स्फटिक जणू डावं-उजवं ओळखत होता. वीज डोळ्याभोवती गोल फिरल्याशिवाय हे व्हायचं नाही, असा सगळ्यांचा हिशेब. सेन्सेई इतके खूश झाले, की सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हणाले, "ओरिता-कुन, या वेळी तुमचं नाव वर."

ओरितांनी घरी येऊन बापाला सांगितलं. म्हातारा कांब तासत होता, त्याने मानही वर केली नाही. छापून आलं की सांग, म्हणाला, पोटातल्या पोराचं बारसं करत नाहीत.

आता इथे ओरितांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. नाव वर येणार, तर ते शोभलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. हिनात्सुंनी नमुना तांब्याच्या पट्टीवर चिकट वार्निशने चिकटवला होता, सगळेच चिकटवतात. ओरितांना ते बघवेना. त्यांनी ज्योतीवर क्वार्ट्ज वितळवून केसापेक्षा बारीक तंतू ओढले, आणि तीन आठवडे, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने ते तंतू तीन दिशांनी विणले. खालून-वरून, खालून-वरून. नखाएवढ्या चौकटीत काचेची एक बाज तयार झाली. तिच्यावर स्फटिक नुसता निजवायचा. चिकटवायचं काही नाही, बांधायचं काही नाही. पोरगं आकसलं तर आकसू दे, फुगलं तर फुगू दे.

मग त्यांनी हिनात्सुंच्याच स्फटिकाचा उरलेला अर्धा तुकडा बाजेवर निजवला, बारीक सोन्याच्या तारा जोडल्या आणि थंड केला. संकेत गायब. क्षेत्र डावीकडून घाला, उजवीकडून घाला, स्फटिक ढिम्म. तोच तुकडा उचलून त्यांनी तांब्यावर चिकटवला. संकेत हजर.

ओरितांनी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी मांडले. थंडीत तांबं स्फटिकापेक्षा जास्त आकसतं. वार्निशने धरलेला स्फटिक एका बाजूला ओढला जातो. ओढ लागली, की सगळे डोळे त्याच बाजूला बघायला लागतात. आणि गिऱ्हाइकाला वाटतं, नक्षीच तशी आहे.

ते सेन्सेईंकडे गेले. सेन्सेईंनी बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की तुमच्या त्या जाळीवर नमुना नीट थंडच होत नसेल. ओरिता म्हणाले, होतो. अडथळा ठरलेल्या तापमानालाच नाहीसा होतो, कागदावर आहे. सेन्सेईंनी कागद पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. ते मूर्ख नव्हते, ही खरी पंचाईत. कागद त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला.

"तुम्ही टोपलीवाल्याचे चिरंजीव, नाही का," ते म्हणाले. "हाताला कळलं की माणसाला वाटतं डोक्याला कळलं. होतं असं."

मग सेन्सेईंनी आवाज अगदी मऊ केला. पुढच्या आठवड्यात मोठे पाहुणे मोजमाप बघायला येताहेत, म्हणाले, तेव्हा नमुना तांब्यावर चिकटवून द्या, पहिल्यासारखा, घट्ट. आणि नावाचं म्हणाल, तर ज्याचं नाव वर, त्याने निष्कर्षामागे उभं राहावं लागतं. ज्याला खात्री नाही, त्याचं नाव घालून त्याला अडचणीत का आणायचं?

"तुम्हाला खात्री आहे ना, ओरिता-कुन?"

एकोणचाळीस वर्षं. रोज जेवताना तोच प्रश्न. ओरितांनी मान खाली घातली आणि ती होकाराची मान धरली गेली. नमुना त्यांनीच चिकटवला. असा सुरेख, सारखा, घट्ट चिकटवला, की संकेत पहिल्यापेक्षा दुप्पट आला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाज त्यांनी काडेपेटीएवढ्या डबीत ठेवून दिली.

निबंध डिसेंबरात छापून आला. वर्षाखेरच्या मेजवानीला सगळे खाली गाद्यांवर बसले होते, तळलेल्या कोंबडीची ताटं फिरत होती. ओरिता गुडघ्यांवर सरकत सेन्सेईंचा पेला भरायला गेले आणि भरता भरता हळूच विचारलं, की निबंधात नाव खालीच दिसतंय. सेन्सेईंनी ते हळू ठेवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हल्ली नियतकालिकं विचारतात, प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं. सिद्धान्त मांडला, मोजमाप केलं, लेखन केलं, असं लिहायचं असतं. "आता ओरिता-कुनच्या नावापुढे काय लिहू? चिकटवलं?"

सगळे हसले. हसण्यात हिनात्सुही होत्या. ओरितांनी पेला काठोकाठ भरला, एक थेंब सांडू दिला नाही, आणि गुडघ्यांवर मागे सरकत आपल्या जागी आले.

घरी म्हातारा पिठाच्या पट्ट्यांची गरम आमटी ओरपत होता. वर की खाली? खाली. म्हाताऱ्याने वाटीतली शेवटची पट्टी बोटाने काढून तोंडात टाकली आणि विचारलं, की चिकटवताना तरी कुणी बघत होतं का. नाही म्हटल्यावर हसला. मग तर आपल्यात काही फरकच नाही, म्हणाला.

पुढच्या वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने स्फटिक मागितले. निबंध वाचला, आम्हालाही संकेत बघायचा आहे, अशी गोड विनंती. सेन्सेईंनी लगेच होकार कळवला; आणखी एक नाव वर. पाठवणीचं काम ओरितांचं. नेहमी ते कापसात गुंडाळून पाठवत, पण पापुद्रा पातळ असला की कापसात तो वाकतो. या वेळी एक तुकडा त्यांनी डबीतल्या काचेच्या बाजेवर निजवला आणि बाजेसकट पाठवून दिला. वाकू नये म्हणून, असं म्हणायला जागा आहे. स्वतःला ते तेच सांगत होते. पण पार्सल बांधताना ते गुणगुणत होते, आणि भट्टीपाशी ओरिता गुणगुणत नसत.

जर्मनांनी बाज पाहिली, त्यांना ती भारी आवडली, आणि उचलून चिकटवण्याऐवजी त्यांनी तुकडा आहे तसाच बाजेवर थंड केला. संकेत नाही. मग एका स्क्रूने त्यांनी मुद्दाम स्फटिकाला जरासं ओढलं. संकेत आला. सैल सोडलं, गेला. ओढलं, आला. सात महिन्यांत निबंध बाहेर: चुंबकत्वाचा तो पुरावा म्हणजे नमुना ओढला गेल्याचा परिणाम, सैल स्फटिकात तसं काही नाही. लेखक नऊ. आठवं नाव शिरामिझु. स्फटिक पुरवले होते ना, रिवाज म्हणजे रिवाज. आत एका ओळीत होतं, की नमुना शिरामिझु गटाने बनवलेल्या काचेच्या जाळीवर ठेवला होता. जाळी कुणी विणली, असं जर्मनांनी पत्राने विचारलंही होतं. सेन्सेईंनी कळवलं, आमच्या प्रयोगशाळेची पद्धत आहे.

म्हणजे चूक करणाऱ्या निबंधावरही सेन्सेई, आणि चूक काढणाऱ्या निबंधावरही सेन्सेई. माणूस दोन्ही डोळ्यांनी रडावं अशा जागी दोन्ही हातांनी जेवला. त्या उन्हाळ्यात ते गावोगाव व्याख्यानं देत होते, विषय: नमुन्यातला ताण आणि आपली जबाबदारी. पडद्यावर बाजेचा मोठा फोटो. लोक म्हणायचे, केवढा प्रामाणिक माणूस, स्वतःचीच चूक स्वतः दाखवतो.

राहता राहिला पहिला निबंध. नियतकालिकाने लिहिलं, की दुरुस्ती छापा आणि चूक कशी झाली ते सांगा.

एका रविवारी दुपारी हिनात्सु ओरितांच्या घरी आल्या. हातात मिठाईचा खोका, शहरातल्या चांगल्या दुकानातला, कागद आणि रिबीन लावलेला. तो खोका बघितल्यावर त्या कशासाठी आल्या हे सांगायची गरजच उरली नाही. असले खोके माफीचे असतात. म्हातारा दारातच कांबी घेऊन बसला होता. कोण मेलं, त्याने विचारलं.

"अजून कुणी नाही, आजोबा," हिनात्सु म्हणाल्या, आणि आत आल्या.

चटईवर बसून त्यांनी कपाळ टेकवलं आणि एक कागद पुढे सरकवला. सहा ओळींची दुरुस्ती. त्यातल्या दोन ओरितांनी दोनदा वाचल्या. नमुना चिकटवण्याचं काम तांत्रिक कर्मचारी टी. ओरिता यांनी केलं होतं. त्यात ताण राहून गेल्याची कल्पना लेखकांना नव्हती.

"मी सांगितलं होतं," ओरिता म्हणाले.

"माहीत आहे. मी दाराबाहेर उभी होते."

चहा निवत होता. हिनात्सुंनी वर पाहिलं नाही, पण आवाज स्थिर होता. "कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं, ओरितासान. माझी अजून तीस वर्षं जायची आहेत या धंद्यात. तुमचं एक उरलंय." मग थोडं थांबून, जणू हेही सांगायचं कबूल करून आल्या होत्या अशा रीतीने म्हणाल्या, "सेन्सेई म्हणाले, ओरिता-कुननाच नाव छापून हवं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण ओरिता अगदीच संन्यासी नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दुसरी ओळ धडधडीत खोटी. पहिली मात्र खरी. चिकटवलं त्यांनीच होतं, आणि जाणून चिकटवलं होतं, नावासाठी. भांडायला तोंड उघडलं तर हे पहिलं बाहेर येणार होतं. विभागाच्या दप्तरासाठी संमतीची मुद्रा हवी होती. ओरिता उठले, खणातून आपली छोटी मुद्रा काढली, लाल शाईत बुडवली आणि कागदावर उठवली. जरा वाकडी उठली. हिनात्सुंनी दोन्ही हातांनी कागद घेतला आणि पुन्हा कपाळ टेकवलं. त्या गेल्यावर म्हाताऱ्याने खोका फोडून तीन मिठाया खाल्ल्या, आणि गोड जरा कमी आहे म्हणाला.

दुरुस्ती दोन महिन्यांनी छापून आली. ओरितांनी विभागाच्या यंत्रावर पान छापून घेतलं, घडी करून खिशात घातलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी घरी आले तर म्हातारा दारात, पाय पसरून, मांडीवर कांब. खिशातला कागद त्याने आधी पाहिला, मुलाला नंतर.

"वर की खाली?"

"मध्ये," ओरिता म्हणाले.

म्हाताऱ्याचा हात थांबला. हे उत्तर चाळीस वर्षांत आलं नव्हतं. त्याने कागद मागितला. अक्षरं परकी, त्याला काही वाचता येईना, तेव्हा म्हणाला, आपलं नाव कुठे ते दाखव. ओरितांनी बोट ठेवलं. म्हाताऱ्याने आपलं चिरा पडलेलं बोट त्या जागी ठेवलं आणि सांगितलं, आता आपल्या भाषेत वाचून दाखव. ओरितांनी सहाही ओळी वाचल्या. खोटीसुद्धा, तशीच.

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मग सांगायला लागला. आपला मुलगा सगळं आयुष्य शेजारी बसून जेवला, पण हे बापाने त्याला कधी सांगितलं नव्हतं. ताकेझोनो मालकांनी एकदा घाईची टोपली करायला लावली. बांबू ओला आहे, महिनाभर वाळू दे, असं कामेकिचीने सांगितलं होतं. मालकांना पाहुण्यांसाठी चार दिवसांत हवी होती. पाहुण्यांसमोर फुलं भरून ठेवली, आणि वाळता वाळता बूड सुटलं. फुलं, पाणी, सगळं चटईवर.

"मालकांनी मला हाक मारून आत बोलावलं," म्हातारा म्हणाला. "सगळ्या बड्या लोकांसमोर बोट दाखवून म्हणाले, ही ओरिता कामेकिचीने विणली. पूर्ण नाव घेऊन. सत्तर वर्षांत तेवढं एकदाच."

"मग?"

"मग काय. इतकं बरं वाटलं, की पळत घरी आलो आणि तुझ्या आईला सांगितलं."

आत आमटी उतू जाण्याचा आवाज येत होता, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही. म्हाताऱ्याने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला, त्या एका शब्दापाशी नखाने खूण केली आणि विचारलं, की आडनाव नीट लिहिलंय ना, एखादं अक्षर गाळलं नाही ना. नीट आहे, ओरिता म्हणाले.

"मग लाव भिंतीवर."

घरात खिळा नव्हता. म्हाताऱ्याने मांडीवरच्या कांबेचं टोक कोयतीने तासलं, बोटाला टोचून पाहिलं, आणि मुलापुढे धरलं.